गाठीतला लाल रंग

उपटलेलं रोप पाण्यात खळबळायचं, मुळावरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ तळहातावर घ्यायची आणि अंगठ्याच्या मुद्दाम वाढवलेल्या नखानं ती चिरायची. आत लाल निघालं की बाई म्हणायच्या, "जीव हाये." मग ते नख समोरच्याच्या थेट नाकाजवळ धरायच्या. पाहिलं नाही म्हणायची सोयच नसायची.

बाई कृषी खात्यातल्या. महागावात माझं खता-बियाण्याचं दुकान, आणि फिरतीवरून आल्या की त्या माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून, माझ्याच गिऱ्हाइकांना सांगायच्या, "तुरीले युरिया कायले नेता?" असा शेजार तुमच्या वाट्याला कधी आला असेल तर माझं दुःख तुम्हाला कळेल. वर चहाही माझाच.

तुरीच्या, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या मुळांवर या गाठी धरतात. आत जिवाणू राहतात, ते हवेतलं नत्र झाडाला देतात. बाईंच्या भाषेत ते भाडेकरू. "भाडं खतानं भरतात, जेवण घरमालकाकडं," असं त्या सांगत, आणि झोकात सही करणाऱ्यापासून अंगठाबहाद्दरापर्यंत सगळ्यांना ते कळे.

पेरणीआधी बियाण्याला चोळायची जिवाणूंची पाकिटं त्या माझ्या माठाखाली, ओल्या पोत्यात ठेवायच्या. गावाला निघाल्या की पाकिटांच्या पिशवीवर छत्री आणि स्वतः भर उन्हात. मी एकदा विचारलं, "बाई, छत्री कोणासाठी?"

"मी उन्हानं मरत नाही भाऊ. हे मरतात."

एका गावात बायांनी गुळाचं पाणी उकळलं आणि तसंच कढत त्या पाकिटावर ओतलं. गुळाच्या पाण्यानं जिवाणू बियाण्याला चिकटतात, पण ते पाणी थंड करून घ्यायचं असतं. बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अवो, शिजवली ना तुमी लेकरं!" बायांना हसू आवरेना. बाई मात्र दिवसभर हळहळत होत्या.

कपाशीचे ते वाईट दिवस होते. सगळ्या जिल्ह्याचं तोंड उतरलेलं. कपाशीच्या सोबतीनं तुरीच्या ओळी जास्त घ्या, असं बाई गावोगाव सांगत होत्या. माझ्या गिऱ्हाइकांतल्या शेवंतानं त्यांचं ऐकलं. तिचा नवरा कामाला परमुलखात, शेत तीच पाहायची. नेमकी त्याच वर्षी पेरणीनंतर पावसानं दडी मारली.

एक दिवस शेवंता दुकानात आली. "भाऊ, युरिया द्या. तूर पिवळी पडून राह्यली."

बाई खुर्चीतून उठल्या. "कोरड्या मातीत युरिया कोन खाईन? चाल, दाखव मले."

दुकानात माशा मारण्यापेक्षा बरं म्हणून मीही सोबत गेलो. बाईंनी रोप उकरलं, गाठ चिरली. आत लाल नव्हतं. दुसरी चिरली, तीही हिरवट. तिसरी तर नुसती तपकिरी भुकटी.

त्या दिवशी त्यांनी नख कोणाच्या नाकाजवळ धरलं नाही.

"पानी कमी पडलं का झाड आधी भाडेकरूचं ताट काढून घेते," त्या म्हणाल्या. "पानं सुकाच्या आधीच हे उपाशी मरतात."

"मंग मोडू का तूर? बकऱ्या तरी खातीन."

"मोडू नोको. मूळ खोल हाये तिचं. डवरे चालू ठेव, वरची माती मोकळी राह्यली का ओल टिकंन. पानी आलं का नव्या गाठी धरतीन."

"अन् नाही धरल्या त?"

बाईंनी उकरलेल्या जागी पायानं माती सारली. परतीच्या वाटेवर त्या शेताच्या धुऱ्यावर मधेच बसल्या. छातीत दुखतं म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ही तूर गेली त तिच्या घरी वर्षभर वरन शिजनार नाही, भाऊ. माह्या शब्दावर पेरली तिनं."

पुढच्याच आठवड्यात त्या ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे निघाल्या. जाताना शेवंताला बजावून गेल्या, "मी आल्यावर मीच उकरीन. तू हात लावू नोको. रोज उपटून पाह्यशीन त राहीन काय?"

पोळ्याच्या तोंडावर पाऊस आला. चांगला आला. बाई काही आल्या नाहीत.

मग एक दिवस शेवंता ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून दुकानात आली. तुरीचं रोप होतं, मातीच्या ढेकळासकट. पानं हिरवीगार. "लय वाट पाह्यली भाऊ. बाईले फोन लावा. त्यायले इचारते, गाठ फोडू का."

मी नागपूरला फोन लावला. लेकीनं उचलला. ती काय म्हणाली ते ऐकलं आणि फोन ठेवला.

"शेवंता, बाई परवा गेल्या."

ती तिथंच युरियाच्या पोत्यावर बसली. बराच वेळ फडक्याची गाठ सोडत राहिली. मग रोप माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुमीच पाहा. माह्यानं होत नाही."

मी मूळ बादलीत धुतलं. गाठी होत्या, नव्या, टपोऱ्या. पण माझं नख कापलेलं, गाठ सारखी निसटायची. शेवटी अंगठ्यानं दाबून फोडली. शेवंता माझ्याकडे पाहतच नव्हती, माठाकडे पाहत होती.

"काय हाये?"

बाई करायच्या तसा मी अंगठा तिच्या नाकाजवळ नेला. नखाच्या कडेला लाल लागलं होतं.

"जीव हाये," शेवंता म्हणाली आणि मग रडायला लागली.