विहिरीतले बुडबुडे

पृथ्वीच्या पोटात, माणसाच्या नजरेआड, पाणी आणि पाषाण यांचा अखंड संवाद चालू असतो. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणत असे. मुलं ते लिहून घेत आणि घंटा झाली की विसरत, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, आमचं लग्नही. चिखलीजवळच्या एका गावात मी विज्ञान शिकवायचो. घरामागचा काळा खडक सुरुंगानं फोडून विहीर केली, पाणी लागलं आणि त्यातून बुडबुडे येऊ लागले. शेजारच्या काकूंनी निकाल दिला, "पाण्यातल्या साती आसरा हायेत तिथं. पोटुशीनं त्या पाण्याले हात लावू नोको."

बायकोला सातवा महिना होता. ती पुन्हा वेशीबाहेरून घागरी आणू लागली. मी आणतो म्हटलं, तर म्हणाली, "मास्तर डोक्यावर घागर घेऊन निंगाले, तर पोरं शाळेत येतील का?"

मी तिला समजावलं. काळ्या दगडात लोखंड असतं. भेगांत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन ते ओढून घेतं आणि गंजतं. उरलेला हायड्रोजन मोकळा होऊन वर येतो.

"दिसते का तो?"

"नाही."

"मंग आसराच की."

आता पुरावा देणं भाग होतं. पायऱ्या उतरून, पाण्यानं भरलेली बाटली बुडबुड्यांवर उपडी धरून मी दुपारभर वायू गोळा केला. काकूंसह सगळी आळी जमली. "काडी लावताच फट्‌ आवाज होईल आणि हा वायू पेटेल," मी जाहीर केलं.

काडी विझली.

"विझवली पाहा आसराईनं," काकू म्हणाल्या.

बायको बाटलीकडे बघत होती. "म्हंजे यात आग नाही?"

"नाही," मी पडेल आवाजात म्हणालो.

"तुमी म्हणता तसं पेटलं असतं, तर म्या हे पाणी जन्मात पेलं नसतं."

तिनं काकूंसाठी काठावर शेंदूर लावून सात खडे मांडले आणि बादली सोडली. दोर मी ओढला. ती तांब्याभर पाणी प्याली, मग तांब्या पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. "घ्या. बोलून बोलून घसा सुकला असंल."

खोल, गरम खडकात हायड्रोजन खरोखरच तसा तयार होतो, हे पुढे मी वाचलं. आमची विहीर खोलही नव्हती आणि गरमही नव्हती; तिच्यातले बुडबुडे बहुधा काडी विझवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे असावेत. पाणी जड होतं. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे.