गडीमाणसांना परातीपुढे बसवणाऱ्या अक्का

आदरणीय वत्सला सोनवणे सिस्टर, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची माझी पहिली ओळख झाली, तेव्हा त्या भांडत होत्या. दीपनगरहून येऊन मी जळगावच्या रुग्णालयात, हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. चोपड्याकडची एक बाई झडपेच्या ऑपरेशननंतर घरी निघाली होती. नवरा पिशव्या घेऊन तयार, आणि अक्का दार अडवून उभ्या.

"घर भाकरी कोन करी?" त्यांनी विचारलं.

"तीच करी ना."

"छातीनं हाड आजून जुडेल नही. पीठ तुम्ही मळा, नाना."

"मी गडीमाणूस शे, अक्का!"

"मंग? हात तं शेतस ना?"

रुग्णालयातल्या, नातेवाइकांसाठीच्या स्वयंपाकखोलीत नेऊन अक्कांनी नानांना परातीपुढे बसवलंच. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली. बघायला अर्धा वॉर्ड लोटला होता.

हा हट्ट उगीच नव्हता. त्याआधी एक बाई जखम उसवून परत आली होती; टाके निघाले नाहीत तोच घरच्यांनी तिला पीठ मळायला बसवलं होतं. तेव्हापासून खोकताना छातीशी उशी कशी धरायची, कुशीवर वळून कसं उठायचं, हे अक्का प्रत्येक बाईला शिकवत, आणि भाकरी तिच्या नवऱ्याला.

"हे रुग्णालय आहे, खानावळ नाही," व्यवस्थापकांनी सुनावलं. "मग उसवलेल्या बाईचं ड्रेसिंग तुम्हीच करा," अक्का म्हणाल्या. माझ्या सिझेरियननंतर त्यांनी माझ्या नवऱ्यालाही सोडलं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तो आता माझ्यापेक्षा बरी करतो, आणि ते चारचौघांत सांगतोही.

चोपड्याची ती बाई पुढे तपासणीला आली. जखम छान भरली होती. नानांकडे तिरकं बघत ती म्हणाली, "जाड करतस, पन करतस." अक्का तेव्हा इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मला त्या फार आवडतात, हे इथे सांगूनच टाकते.

आता त्या निवृत्त होत आहेत आणि ती स्वयंपाकखोली बंद करायची कुजबुज सुरू झाली आहे. खुशाल करा, आम्ही व्हरांड्यात स्टोव्ह मांडू. अक्कांनी ठणठणीत राहून शंभरी गाठावी. आणि आमच्या वॉर्डातून घरी गेलेली एकही बाई कच्च्या छातीने पीठ मळणार नाही, हे आम्ही बघून घेऊ. कोणाला अडवायचं असेल, त्याने समोर यावं.