हळदीतलं रेगे

भाचीची अट सरळ होती. कोलशेतला तिच्या हळदीत एक तरी रेगे गाणं वाजलं पाहिजे. बेंजो पार्टीला जमलं नाही, तर घोडबंदर रोडवरचा डीजे येईल. पार्टी मोहने गावची. पार्टीच्या मास्तरांनी माझ्या बहिणीच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, हळदीतही वाजवलं होतं. अलीकडे त्यांचं एकेक घर डीजेकडे गेलं. कोलशेतात आमचं एवढंच उरलं होतं.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक. घरात रेगे ऐकणारा दुसरा माणूस मीच, म्हणून हळदीच्या दुपारी मांडवात पार्टीला इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी क्रमाने सांगितला. जमैकाच्या गावठी गाण्यांत अमेरिकन रेडिओवरचं संगीत मिसळलं आणि स्का झालं. ते पळणारं. साठच्या दशकात लय उतरली, बेस गिटार पुढे आली, ते रॉकस्टेडी. त्यातून रेगे. रेगेच्या एका ठेक्यात ड्रम पहिली मात्रा सोडतो आणि तिसरीवर पडतो. तिथे रस्त्यात स्पीकरच्या भिंती उभ्या करून गाणी वाजत आणि दोन स्पीकरवाल्यांत चुरस लागे, हेही सांगितलं. मास्तरांना यात नवीन काही वाटलं नाही.

घोडं अडलं पहिल्या मात्रेवर. ढोलकीवाल्याचा हात तिथे पडायचाच. त्याने टाळलं तर कीबोर्डवाला वाजवायचा. दोघांनी टाळलं तर लसूण सोलत बसलेल्या मावश्या टाळी द्यायच्या. रिकामी जागा कुणालाच बघवत नव्हती.

"आमचा हात ऐकत नाय, साहेब," ढोलकीवाला म्हणाला.

भाची ओल्या मेंदीचे दोन्ही हात वर धरून बसली होती. "मामा, डीजेला तूच फोन लाव. मला मोबाइल धरता येत नाही."

मास्तरांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

"पयल्याला सगल्यांनी हात वर," ते म्हणाले. "हिच्यासारखे. मावश्यांनी पन."

चौथ्या प्रयत्नात मात्रा रिकामी राहिली. पाचव्यात एक मावशी सुरी टाकून उठली आणि नाचू लागली.

संध्याकाळी तेच गाणं पाच वेळा झालं. पहिल्या मात्रेला अख्ख्या मांडवाचे पिवळे हात वर जात, तिसरीला सगळे खाली बसत. नवऱ्याच्या काकांना खाली बसणं जमलं, उठणं नाही. दोघांनी धरून त्यांना पुढच्या मात्रेला वर काढलं. मग पार्टीने नेहमीचं कोळीगीत घेतलं. ढोलकीवाल्याने पहिल्याच मात्रेला सवयीने हात वर केला आणि ठेका कोसळला. लोकांना वाटलं, हेही तसंच आहे. त्यांनी तेही नाचून काढलं. मी नाचत नाही. त्या दिवशी नाचलो.

दुपारी मेंदी वाळल्यावरच भाचीने डीजेला स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं होतं. रात्री ती मास्तरांपाशी जाऊन धाकट्या भावाच्या हळदीचंही सांगून आली. त्याला अजून मुलगी बघायची होती.

मास्तरांनी मला विचारलं, रेगेच्या पुढे काय आलं. मी सांगितलं, डब: गाणाऱ्याचा आवाज काढून टाकतात, एकेक वाद्य काढून टाकतात, शेवटी नुसता बेस आणि ड्रम.

"ते हितं सांगू नका," ते म्हणाले.