तिसऱ्या कडव्यातल्या चुका

रायपूरच्या तात्यापाऱ्यात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एकच माणूस उरला आहे. त्याचं नाव मी विचारलं नाही. दुरुस्त केलेलं प्रत्येक मशीन तो कानाशी धरतो आणि एकाच कॅसेटवर तपासतो.

परवा आमच्या मशीनमध्ये त्यानं ती लावली आणि मी दचकलो. इथल्याच एका विसरलेल्या रॉक बँडची ती पहिली चार गाणी होती. ड्रमवर मी होतो. मी सोडल्यावर बँड बुडाला, असं मी बायकोला बावीस वर्षं सांगत आलोय. ती शेजारीच उभी होती.

"भैया, हीच कॅसेट काहून?" तिनं विचारलं.

"दीदी, पहिल्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात ड्रमवाला सात वेळा चुकते. साती चुका साफ ऐकू आल्या, म्हणजे मशीन ठीक."

"अन् नंतरची गाणी?"

"हव, मोबाइलवर आहेत ना. ड्रमवाला बदलला, तवापासून सगळं तालात. मले काही कामाची नाहीत."

"बुडाला म्हणे!" बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

त्यानं ते कडवं पुन्हा लावलं, डोळे मिटले. माझं वाजवणं इतकं मन लावून दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल. मीही मोजलं. चुका आठ होत्या. आठवी मी त्याला सांगितली नाही.