आबांनी निवडलेली कलेजी

कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात मेंढरू कापलं की आधी माझ्या वडिलांना हाक जायची. आबा कापत नसत, बघत. पोट उघडलं की कलेजी आणि फुप्फुसं त्यांच्या हातात यायची. उजेडाकडे तोंड करून ते सगळं बोटांनी चाचपायचे. पाण्याने भरलेला पांढुरका फोड दिसला की सुरी फिरायची. "ह्ये मानसाच्या पोटात जायला नगं," म्हणत ते तो तुकडा मागे फेकायचे. मागे आमचं तांबडं कुत्रं बसलेलं असे. तुकडा जमिनीला टेकायचाच नाही.

आबांच्या या कामाचा आम्हाला कोण अभिमान! जत्रेला जेवायला आलेले पाहुणे आधी विचारत, "आबांनी बघितलंय न्हवं?" व्हय म्हटलं की बिनधास्त रस्सा ओरपत. जेवणं उरकली की कुत्रं आबांच्या खाटेशी येऊन त्यांचे हात चाटायचं. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, मग त्याच हाताने तंबाखू मळून ओठात धरायचे.

मागच्या उन्हाळ्यात आबांना उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. आई म्हणाली, गॅस. शेजारी म्हणाले, गॅस. मेडिकलवाल्याने गॅसचीच गोळी दिली, कारण बहुमत होतं. मी लग्न होऊन नगरला राहते. माहेरी गेले तेव्हा आबा अर्धी भाकरी टाकून ताटावरून उठले. त्यांनी भाकरी टाकलेली मी जन्मात पाहिली नव्हती. भांडून त्यांना नगरला आणलं. सोनोग्राफीत यकृतात पाण्याची मोठी गाठ निघाली.

"यकृत म्हंजी?" आबांनी विचारलं.

"कलेजी," मी म्हणाले. आबांनी उजव्या बरगडीखाली बोटांनी चाचपून बघितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, घरी मेंढ्या आहेत? कुत्रं?"

"हायेत की. पन खराब मटन आमी कधी खाल्लं न्हाई. मी सोता निवडतो."

"आणि निवडून काढलेलं?"

"कुत्र्याला टाकतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. फोडात जंतांची पिल्लं असतात, ती कुत्र्याच्या पोटात गेली की मोठी होतात, असं त्यांनी सांगितलं. जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, तिथून माणसाच्या हाताला आणि हातावरून तोंडात. मेंढरांच्या पोटात तीच अंडी चाऱ्यातून जातात. "तो फोड तुम्ही खाल्ला असता तरी तुम्हाला हे झालं नसतं," ते म्हणाले. त्यांना हे धीर देण्यासारखं वाटलं असावं.

बाहेर बाकावर बसल्यावर आबा एवढंच बोलले, "पोरांना पन चाटायचं गं ते." घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी झाली. कुणाला काही निघालं नाही. कुत्र्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध आणलं. ते त्याने थुंकलं, मग भाकरीत घालून दिलं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी बजावलं होतं की गाठ आत फुटली तर जिवावर बेतू शकतं. आबा आत होते तेवढा वेळ मी जिन्यात बसून देवाशी भांडत होते. ज्या माणसाने सगळ्या गावाची ताटं जपली, त्याच्याच वाट्याला हे यावं, याचा मला भयंकर राग आला होता. गाठ मात्र अख्खी निघाली.

आबा उठून बसायला लागल्यावर नर्सने त्यांना बरणी दाखवली. तपासणीला पाठवून उरलेलं त्यात होतं, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं, पांढरं. आबांनी बरणी मागून घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि नेहमीसारखी सावकाश फिरवून बघितली. ते बघताना मला रडू आवरेना. त्यांनी मान हलवली.

"त्योच हाय," ते म्हणाले आणि बरणी नर्सच्या हातात देताना आवाज खाली आणला. "बाई, ह्ये खोल पुरा. दवाखान्याच्या मागं कुत्री असत्यात."