लोरिंत्सच्या नावाचं कलिंगड

आमच्याकडे दहा ऑगस्टनंतर कलिंगड खात नाहीत. दहा तारीख हा लोरिंत्सचा नामदिवस; कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस नेमलेला असतो, आणि त्या नावाच्या माणसाचा तो सण. आदल्या रात्री लोरिंत्स नावाचा जो कोणी गावात असेल तो मळ्यामळ्यातून हिंडतो, वेलांवर मुतून येतो आणि त्यापुढची कलिंगडं पाणचट निघतात, असं लहान पोरांना सांगतात. मोठी माणसंही ते तितक्याच गंभीर चेहऱ्याने बोलतात. रात्री गार पडायला लागतात म्हणून फळात गोडी भरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण थंडीला चिडवता येत नाही, लोरिंत्सला येतं.

पूर्वी गावात बरेच लोरिंत्स होते, तेव्हा दोष वाटला जायचा. हल्ली पोरांची नावं टीव्हीवरून येतात. उरला एकटा बोझोकी लोरिंत्स, आणि नेमका तोही कलिंगडवाला. त्याच्या बापाचा मळा कालव्याच्या कडेला होता आणि बापाला दुसरं नाव सुचलं नाही, कारण पोरगं जन्मलंच त्या दिवशी. शाळेत त्याला नावाने कुणी हाक मारलीच नाही. बाकावर ओलं दिसलं की सगळा वर्ग त्याच्याकडे बघायचा. तो रागावायचा, मारामाऱ्या करायचा, आणि घरी येऊन आईला विचारायचा, की तुम्हाला दुसरं काही मिळालं नाही का.

त्याचा राग घालवला एतेल्काने. शेजारच्या गावातून कलिंगडं उतरवायच्या कामाला बायकांची गाडी यायची, तीत ती होती. पहिल्याच दिवशी तिने त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हणजे तो तूच होय? मला वाटलं होतं, चांगला आडवातिडवा गडी असेल. एवढ्या मळ्यांना पुरतोस कसा?"

सगळ्या बायका हसल्या. तोही हसला, आणि पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

एतेल्काने नवऱ्याच्या नावाची अब्रू मोठ्या हौसेने सांभाळली. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने जगात होऊन गेलेले लोरिंत्स टांगले. मासिकांतून कापायचे, जुन्या कॅलेंडरच्या चौकटीत बसवायचे. एक चष्म्यातला कवी. एक सेनापती, जो फावल्या वेळात कविता लिहायचा. जाळीवर भाजला गेलेला संत तर होताच. आणि एक जुना सरदार, तार लोरिंत्स, जो नरकात उतरून सगळं बघून जिवंत परत आला म्हणतात. त्याचं चित्र कुठे मिळालं नाही, म्हणून तिने दुसऱ्याच कुठल्यातरी मिशाळ सरदाराचं लावलं. शेवटच्या चौकटीत तिचा नवरा, काखेत कलिंगड घेऊन, डोळे मिटलेला. "बघ, कुठल्या खानदानातला आहेस," ती म्हणायची. "आणि तू काय केलंस तर डोळे मिटलेस."

नामदिवसाला आमच्याकडे बोलावणं करत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, घरच्यांनी ओळखून असायचं. सकाळी एतेल्का पोगाच्यांचं पीठ मळायची. हे आमचे खारे, फुगीर, हातात मावतील एवढे गोल पाव, त्यांच्याशिवाय पाहुण्यांसमोर बाटली ठेवत नाहीत. त्याआधी, न्याहारीच्याही आधी, ती एक कलिंगड कापायची. एक घास तोंडात टाकायची, दात आंबल्यासारखं तोंड करायची, अंगणात थुंकायची आणि म्हणायची, "आलास ना जाऊन?" इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. संध्याकाळी शेजारचा विन्त्से सगळ्यांत आधी यायचा, बगलेत मळ्यातलं सगळ्यांत नासकं, फुटून गळणारं कलिंगड घेऊन. ते टेबलावर आदळून म्हणायचा, "हे घे, तुझं तुला परत." मग जर्दाळूच्या पालिंकाची, आमच्या कडक दारूची, बाटली उघडायची.

एतेल्का फेब्रुवारीत गेली. कपडे वाळत घालून आत आली, खुर्चीत बसली, म्हणाली, "हात गारठले." चहा ठेवून लोरिंत्स वळला तोवर ती नव्हती. एवढंच झालं. त्याने गॅस बंद केला, डॉक्टरला फोन केला, आणि मग बाहेर जाऊन वाळत घातलेले कपडे घरात आणले, कारण बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता. ते ओलेच होते.

दफनाच्या वेळी तो रडला नाही. लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. खंबीर कसला. त्याला आतून काही आलंच नाही. पायावर पाय टाकून बसल्यावर पाय झोपतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. थडग्याच्या दगडावर रीतीप्रमाणे दोघांची नावं कोरली. तिच्या नावापुढे दोन सालं, त्याच्या नावापुढे एक साल, एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. दगड बसवणाऱ्याने विचारलं, "ठीक दिसतंय का, लोरिंत्सकाका?" तो म्हणाला, "ठीक आहे." त्याला तो दगड कुणा तिसऱ्याच माणसाचा वाटला.

मग मार्च आला. त्याने रोपं केली, कारण मार्चमध्ये रोपं करतात. मातीवर प्लास्टिक अंथरलं, वेल सोडले, पाणी दिलं. कलिंगडं चांगली धरली. तो टिचकी मारून आवाज ऐकायचा आणि पिकलेलं उतरवायचा, त्यात कधी चूक झाली नाही. चाखणं मात्र सोडलं होतं. एकदा जूनअखेर, पहिलं फळ कापून तोंडात घातलं होतं. जिभेला ओलं लागलं, दुसरं काही लागलं नाही. त्याने उरलेलं कोंबड्यांना टाकलं.

त्याची मुलगी व्हिओला देशाच्या दुसऱ्या टोकाला, ग्योरला राहते. तिने घरात त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली होती. "बाबा, तिथे एकटे काय करताय? घराला गिऱ्हाईक आहे, मळा कुणीही घेईल. नामदिवस होऊन जाऊ दे, मग मला हो किंवा नाही सांगा."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

"मी म्हणेन तसं नको. तुम्हाला काय वाटतं?"

त्याला काहीच वाटत नव्हतं, हीच तर अडचण होती. ग्योरची चौथ्या मजल्यावरची खोली आणि हे अंगण यांत त्याला फरकच कळेना. जायची इच्छा असती तर आम्ही चांगल्या तोंडाने निरोप दिला असता. पण टपालाचं पाकीट जसं कुणी उचलेल तिकडे जातं तसा हा माणूस निघाला होता, आणि एकदा तिकडे गेला असता तर तसाच बधिर बसून त्याने ती मोकळी जागा भरली असती.

यात आम्ही गावकरीही कमी पडलो, हे सांगितलंच पाहिजे. दुःखाच्या वर्षात त्या घरी चेष्टामस्करी करायची नाही, अशी आमची रीत. ती आम्ही इतकी पाळली की त्याला काचेच्या भांड्यासारखं वागवलं. तो दुकानात शिरला की बायका आवाज खाली करायच्या. पावाची लादी घेताना कुणी म्हणायचं, "तुम्ही घ्या आधी." विन्त्से म्हणजे गावातली सगळ्यांत घाण जीभ, तो कुंपणापाशी भेटला की "काय लोरिंत्स, बरं ना?" एवढंच विचारायचा आणि स्वतःच्या बुटांकडे बघायचा. ऑगस्ट लागला, बाजारात कलिंगडांचे ढीग पडले, आणि जन्मात पहिल्यांदा लोरिंत्सला कुणी चिडवलं नाही. त्याला ते जाणवलं. वाईट वाटलं असं नाही, नुसतं जाणवलं, घड्याळ बंद पडल्यावर जाणवतं तसं.

दहा तारखेला तो नेहमीच्या वेळी उठला. दुःखाच्या घरी नामदिवसाला कुणी येत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने दाढी केली. दुकानातून तयार पोगाचे आणले, थंडगार आणि चिवट. एक कलिंगड टेबलावर ठेवलं, शेजारी सुरी ठेवली आणि समोर बसला. कापलं नाही. कापून कुणाला दाखवायचं?

दुपारी व्हिओलाचा फोन आला. "नामदिवसाच्या शुभेच्छा, बाबा. कुणी आलं का?"

"कोण येणार? बरोबर आहे त्यांचं."

"मग काय ठरवलंत?"

"येतो," तो म्हणाला. "विकून टाक."

 ती म्हणाली, "मी संध्याकाळी परत फोन करते. तोवर नीट विचार करा."

विचार करायला काही नव्हतं. त्याने खोकं आणलं आणि उन्हाळी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून खानदान उतरवायला घेतलं. कवी काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला. सेनापती काढला. संत काढला. खोटा तार लोरिंत्स काढला, त्याच्या मिशांवर माश्यांनी ठिपके टाकले होते, ते अंगठ्याने पुसले. शेवटी स्वतःचा फोटो राहिला.

तेवढ्यात फाटक वाजलं. विन्त्से आत आला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात कलिंगड, चांगलं गुळगुळीत, पुसून आणलेलं. तो फाटकापाशीच थांबला.

"ये की," लोरिंत्स म्हणाला.

"नको. रीत नाही. मार्गितनं बजावलंय, दारातून दे आणि तोंड मिटून परत ये." मार्गित त्याची बायको. "हे घे. चांगलं आहे. माझ्या मळ्यातलं सगळ्यांत चांगलं."

"चांगलं कशाला आणलंस?"

विन्त्सेने बुटांकडे बघितलं. "मग काय आणू? त्या नासक्या कलिंगडाला एतेल्का हसायची रे. तू तर नुसता शिव्या द्यायचास." त्याने कलिंगड दुसऱ्या हातात घेतलं. "सकाळपासून दोनदा कुंपणापर्यंत येऊन गेलो. म्हणायचं होतं, दरवर्षीसारखं. तोंडातून निघेना."

मग त्याची नजर आत गेली. खोकं दिसलं, उघडी भिंत दिसली. "हे काय चाललंय?"

"ग्योरला चाललोय."

"कोणी सांगितलं?"

"कुणी नाही."

विन्त्से आत आला. रीत राहिली फाटकात. त्याने कलिंगड टेबलावर ठेवलं, आदळलं नाही, आणि खुर्चीत बसला. ती एतेल्काची खुर्ची होती. ध्यानात आल्यावर तो उठायला लागला.

"बस," लोरिंत्स म्हणाला.

 अंगणात कोंबड्या उकरत होत्या. करायला काही हवं म्हणून लोरिंत्सने सुरी उचलली आणि विन्त्सेचं कलिंगड कापलं. ते टचकन उकललं, आतून लालबुंद निघालं. त्याने एक फोड विन्त्सेला दिली. एक स्वतः तोंडात टाकली.

पाणचट होतं.

त्याने चावलं. परत चावलं. खरोखर पाणचट होतं, दिसायला लाल आणि चवीला भिजवलेला कागद. महिनोन्‌महिने न लागलेली चव जिभेला लागली आणि ती ही अशी. त्याचं तोंड आपोआप वेडंवाकडं झालं, दात आंबल्यासारखं. तो वळला, अंगणात थुंकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आलास ना जाऊन?"

आवाज त्याचा होता, पण हेल सगळा तिचा. विन्त्सेच्या हातातली फोड तशीच राहिली.

लोरिंत्स खाली बसला, भिंतीला टेकून, खोक्याशेजारी. आधी त्याचे खांदे हलले, मग तो रडायला लागला. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं बघवत नाही. नाक, लाळ, कलिंगडाचं पाणी, सगळं हनुवटीवरून शर्टात. फेब्रुवारीतले ओले कपडे त्याला आठवले, तिचे गारठलेले हात आठवले, आणि दुखलं. चांगलंच दुखलं.

विन्त्सेने हातातली फोड टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "रडतोस काय? नासवायचं तू आणि रडायचंही तूच? माझा अख्खा मळा घालवलास, मुतऱ्या."

लोरिंत्स रडता रडता हसला, आणि मग आणखी रडला.

फोन वाजला. त्याला उचलता येईना. विन्त्सेने उचलला.

"व्हिओला, मी विन्त्सेकाका. हो, आहे. इथेच आहे. नाही, बोलता येत नाही त्याला. ऐक पोरी, घरबीर काही विकायचं नाही. हा गेला तर पुढच्या वर्षी गावातली कलिंगडं नासवायची कोणी? आमच्याकडे दुसरा लोरिंत्स नाही."

 पलीकडून तिने विचारलं, "बाबा रडतायत का?"

"रडतोय."

"मग राहू दे त्यांना तिथेच," ती म्हणाली.