देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

केदारखेड्याला भोकरदन रस्त्यावर रेणूचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या दाराला पडदा, पडद्यामागे गॅस, सासूची खाट आणि धुण्याची बादली. पुढे दोन कम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकचं स्टूल. रेणू सातबारा काढून देते, पीकविम्याचे फॉर्म भरते. फॉर्म भरता भरता आतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि तिसरी झाली की "बसा हं" म्हणून उठते. नवरा ओमप्रकाश जालन्याला सळईच्या कारखान्यात जातो. तो संध्याकाळी येतो तेव्हा दुकान आवरलेलं असतं आणि भाकरी टाकायची असते.

रेणू लग्नाआधी एका शाळेची कम्प्युटर लॅब सांभाळायची. लॅब बंद पडली, मशीन भंगारात निघाली, त्यांतली दोन तिने उचलली. त्यांवर विंडोज नव्हे, लिनक्स होतं, तेच तिने ठेवलं. सुरुवातीला लोक म्हणायचे, "ह्या बाईचा कम्प्युटर वेगळाच हाय." पण व्हायरसने भरलेला पेनड्राइव्ह तिच्या मशीनमध्ये बिनधास्त लागतो आणि मशीनला काही होत नाही, हे कळल्यावर आसपासचे मोबाइलवाले अडलेलं काम तिच्याकडेच धाडू लागले.

बाकीच्यांचं आणि तिचं एका बाबतीत जमत नाही. पेनड्राइव्ह उघडत नसला की बाकीचे म्हणतात, फॉरमॅट मारा. रेणू म्हणते, आधी नक्कल. पेनड्राइव्हमधलं चांगलं-वाईट, तुटकं-फुटकं सगळं जसंच्या तसं आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचं आणि मग जी काही दुरुस्ती करायची ती नकलेवर. मूळ वस्तूवर एक अक्षरही लिहायचं नाही. त्याला वेळ लागतो. माणसं कंटाळतात, घड्याळ बघतात. रेणू ऐकत नाही.

त्याला कारण आहे. तिची पहिली मुलगी छकुली अकरा महिन्यांची होऊन गेली. तापाने गेली. तिचे सगळे फोटो एकाच पेनड्राइव्हवर होते. दोन महिन्यांनी रेणूने तो मशीनला लावला, तर माउंट होईना. मशीनला पेनड्राइव्ह लागलेला दिसत होता, पण आतलं काही उघडून दाखवत नव्हतं. रेणूने दुरुस्तीचा हुकूम दिला. मशीनने विचारलं, हे नीट करू? ती म्हणाली, हो. हे सोडवू? हो. हे जोडू? हो. डोळ्यांत पाणी, समोरचं धड दिसत नाही, आणि ती हो हो म्हणत बटण दाबत गेली. शेवटी पेनड्राइव्ह उघडला. आत फोटो नव्हते, नुसते नंबर टाकलेले तुकडे होते. तिने एकेक उघडला. एकात कपाळ आणि डोळे होते आणि डोळ्यांखाली सगळं राखाडी. नंतर नंतर छकुली स्वप्नात यायची तीही तशीच यायची. डोळे उघडे, खाली राखाडी. ओमप्रकाशला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे आता." तेव्हापासून दोघांत तो विषय नाही.

बायनाबाई आली ती दिवाळीनंतर, एका सोमवारी सकाळी. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. हसनाबादच्या पलीकडच्या वस्तीवरून नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली होती. नवरा, इंद्रभान, आत आलाच नाही. गाडी स्टँडवर लावून बाहेर ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसला.

बायनाबाईने कनवटीची गाठ सोडली, लाल खणाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर उघडली. आत पेनड्राइव्ह होता. रेणूने हातात घेतला तर बोटं पिवळी झाली. हळद. तोंडाच्या खाचेत कुंकवाचा थर बसलेला. आणि एक आंबूस वास.

"मावशी, ह्याच्यात काय गेलं?"

"काय न्हाई. देव्हाऱ्यात तर ऱ्हातो."

"देव्हाऱ्यात?"

"माझ्या सुग्रीवचा हाय. थोरला. जाऊन दीड वरीस झालं." ती सरळ सांगत होती, परगावच्या बाईला पत्ता सांगावा तसं. "आमच्यात जवान माणूस गेला तं त्याचा चांदीचा टाक करून देवात बसवत्यात. टाक न्हाई झाला अजून. मंग तोवर म्या हे ठिवलं. त्याचा आवाज हाय ह्याच्यात. ओव्या म्हणायचा."

रेणूने पेनड्राइव्ह नाकाजवळ नेला.

"मावशी, देवाला अंघोळ घालता तेव्हा ह्याला बी घातली का?"

"मंग! एकट्याला कोरडा ठिवू का? दर सोमवारी. दूध, मंग पाणी, मंग हळदकुंकू." रेणूचं तोंड बघून ती थांबली. "चुकलं का माय?"

 दीड वर्षाचे सोमवार रेणूने मनात मोजले आणि मोजायचं सोडून दिलं.

"बघते," ती म्हणाली.

"हसनाबादच्या मोबाइलवाल्या पप्पूनं लावला व्हता. म्हणे फॉरमॅट मारतो. म्हणलं, फॉरमॅट म्हंजी काय रे? तं म्हणे समदं पुसून नवं करायचं. म्हणलं, तुझ्या बापाला पूस अन् नवा कर! हिसकून घेतला त्याच्या हातातून. मंग त्यानंच तुझं नाव सांगितलं."

पडद्यामागून सासू हसली. रेणूलाही हसू आलं.

तिने पेनड्राइव्हचं प्लास्टिक सुरीने अलगद उघडलं. आत वाळलेल्या दुधाची पापडी होती. जुना दातांचा ब्रश, स्पिरिट, कापूस. हलक्या हाताने तासभर घासलं. सोनेरी पट्ट्यांपैकी एक हिरवट पडली होती, तीही उजळली. मग तिने तो उन्हात वाळवला, मशीनला लावला. दिवा लागला नाही. काढून पुन्हा पुसला, किंचित तिरका धरून लावला. दिवा लुकलुकला.

बायनाबाईने दिव्याला हात जोडले.

काळ्या खिडकीत ओळी आल्या. काय लागलं, काय निघालं, कुठे अडलं, हे मशीन तिथे लिहून ठेवतं. पेनड्राइव्ह लागला, आठ जीबीचा आहे, इथपर्यंत बरोबर होतं. त्याच्याखाली एकसारख्या ओळी पडू लागल्या. इथे वाचता आलं नाही. इथे वाचता आलं नाही. इथेही नाही. माउंट होणं तर लांबच.

"काय म्हणून राह्यलं?"

"हाय म्हणतं. पण बोलत न्हाई म्हणतं."

बायनाबाईचा चेहरा एकदम उतरला. "अस्संच," ती हळू आवाजात म्हणाली. "सपनात बी अस्संच करतो. म्होरं येऊन उभा ऱ्हातो. तोंड हलवतो. आवाजच येत न्हाई. पहिले येत व्हता, आता न्हाई. म्हणून तं ह्यांला म्हणलं, चला. मला त्याचा आवाज आठवंना गेला, माय. तोंड आठवतं, दात आठवतात, आवाज बिलकुल न्हाई. आईनं पोराचा आवाज इसरावा का?"

रेणूने नकलेचा हुकूम दिला. हा हुकूम शहाणा असतो. वाचता येईल ते आधी भराभर उतरवून घेतो, अडेल ते मागे ठेवतो, आणि मग त्या अडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा जातो. आकडा सरकू लागला. रेणूने चहा ठेवला. सासूने बायनाबाईला आत बोलावून घेतलं. दोघी खाटेवर बसून मेंढरांचं, सुनांचं बोलू लागल्या. सुग्रीव विहिरीवर मोटार चालू करायला गेला होता, वायर उघडी होती. मोबाइल खिशात होता, तो त्याच्यासंगच पाण्यात गेला. इंद्रभानने तेव्हापासून पोराचं नाव तोंडातून काढलेलं नाही. कोणी विषय काढला तर उठून गोठ्यात जातो.

"बाप माणसाचं तसंच असतं," सासू म्हणाली.

"माणसाचं कसं बी असू दे. घरात दोघंच ऱ्हातो आम्ही. म्या कुणाशी बोलू, शेळीशी?"

रेणू बाहेर चहा द्यायला गेली. इंद्रभानने कपाकडे बघितलं आणि मान हलवली. "च्या न्हाई पीत मी," तो म्हणाला. "सोडला." मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघतच, "निघंल का त्याच्यातून काही?"

"सांगता येत न्हाई, मामा."

"न्हाई निघालं तं न्हाई." त्याने चटकन मान फिरवली.

दुपारी दोनला नक्कल झाली. काही जागा शेवटपर्यंत आल्या नाहीत. रेणूने पेनड्राइव्ह काढून खणावर ठेवला. नकलेची आणखी एक नक्कल केली, आणि त्या दुसऱ्या नकलेवर दुरुस्तीचा हुकूम दिला.

मशीनने विचारलं, हे नीट करू?

तिचं बोट बटणावर थांबलं. नक्कल आहे हे तिला माहीत होतं. बिघडली तर पहिली आहे, ती बिघडली तर मूळ आहे. तरी बोट खाली जाईना. स्क्रीनवर तोच प्रश्न, त्याच शब्दांत. खोलीत ऊन होतं, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, आणि तिच्या मानेवर कुणीतरी लहानग्याने श्वास सोडावा तसं झालं. तिने मागे बघितलं. पडदा हलत होता. सासूने पंखा लावला होता.

"थांबलीस कामून?" बायनाबाई मागे येऊन उभी राहिली होती.

रेणूने बटण दाबलं. प्रत्येक प्रश्न वाचून दाबलं. तीन ठिकाणी 'नाही' म्हटलं.

आणि दुसरी नक्कल माउंट झाली. फोल्डर उघडला. नावं शाबूत असलेल्या चार फाइली, बाकी सगळे नंबर. चारही आवाजाच्या. रेणूने पहिली लावली.

आधी खरखर. मग वारा, मेंढरांचं बेंबाटणं, आणि एका माणसाने गळा साफ करून धरलेला सूर. दोन ओळी नीट आल्या. तिसरी मध्येच तुटली, नुसती शांतता, मग शेवटचा शब्द. पुन्हा तुटली.

रेणूने वळून बघितलं. बायनाबाईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"हा कोण?" ती म्हणाली.

"सुग्रीव न्हाई का?"

"न्हाई ग. हा दुसराच कोणी तरी." ती मशीनजवळ वाकली, कान लावला. "असा व्हता का त्याचा आवाज? एवढा जाड?" तिच्या आवाजात भीती आली. "ह्याच्यात दुसरा कुणी शिरला का काय? दीड वरीस म्या कुणाला अंघोळ घालून राह्यले?"

 रेणूने काहीतरी करायचं म्हणून दुसरी फाइल लावली. तोच आवाज, तीच तुटातूट. तिसरीही तशीच. बायनाबाई नुसती मान हलवत होती. रेणूने चौथी लावली. ओवी सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीवर गाणारा थांबला. त्याने लांबवर हाक मारली.

"बा! ओ बा! हिकडं या जरा!"

"आलो रे, आलो!"

हे उत्तर मशीनमधून आलं नव्हतं. ओट्यावरून आलं होतं. इंद्रभान दारात उभा होता, एका पायात चप्पल, दुसरी मागे राहिलेली. धापा टाकत होता. खोलीत इकडेतिकडे बघत होता, झेरॉक्स मशीनच्या मागे, पडद्याकडे. मशीनमधला आवाज तोवर तुटून गेला होता.

बायनाबाईने नवऱ्याकडे बघितलं. "म्हंजी सुग्याच हाय," ती म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

इंद्रभान उंबऱ्यातच खाली बसला. कोणी काही विचारलं नव्हतं. तो जमिनीकडे बघून बोलू लागला.

"त्या दिशी बी अशीच हाक मारली व्हती. मोटारीपासून. बा, हिकडं या जरा. मी म्हणलो, येतो. च्या पिऊन राह्यलतो."

सासूने पंखा बंद केला.

"किती येळ?" बायनाबाई म्हणाली.

"कप संपला तेवढा."

"मला म्हणला व्हतात, हाकच आली न्हाई."

 बायनाबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिच्या चेहऱ्यावरून रेणूला काही कळेना. मग ती रेणूकडे वळली.

"परत लाव. शेवटचंच."

रेणूने लावली. हाक आली. इंद्रभानची मान खालीच.

"बोलावून राह्यला ना," बायनाबाई म्हणाली. "ओ द्या."

"आलो रे," तो म्हणाला.

"परत लाव."

पाच वेळा लावली. पाचही वेळा त्याने ओ दिली. शेवटी शेवटी त्याचा आवाज मशीनमधल्या आवाजासारखाच तुटत होता.

मग बायनाबाई पाणी प्यायला पडद्याआड सासूकडे गेली. इंद्रभान उठून टेबलाजवळ आला, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, बाकीचं द्या तिला. हे एक नका देऊ. निघालं न्हाई म्हणा. ती रोज लावील."

रेणूच्या हातात नवा पेनड्राइव्ह होता. एक फाइल सोडून द्यायला काहीच लागत नव्हतं. ह्या माणसाच्या घरातल्या संध्याकाळी तिला दिसत होत्या. दोघं, शेळी, आणि मधे ती हाक. पण ज्या हाकेतून आईला पोरगं ओळखू आलं, ती हाक एवढीच होती. बाकीच्या तीन फाइलींत तिच्यासाठी एक परका माणूस गात होता.

"मामा, मी निघालेलं लपवत न्हाई," रेणू म्हणाली. तिने चारही फाइली उतरवल्या. पेनड्राइव्ह त्याच्याच हातात ठेवला. "तुमच्याजवळ ठेवा. ह्याला पाणी लावायचं न्हाई, एवढं सांगा त्यांना."

त्याने तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला.

बायनाबाईने जुना पेनड्राइव्ह खणात बांधून कनवटीला लावला. "येते माय," ती सासूला म्हणाली, रेणूच्या गालावरून हात फिरवला. हाताला हळदीचा वास होता. बाहेर इंद्रभानने किक मारली. ती मागे बसली, एका हाताने त्याचा खांदा धरला. दुसरा हात त्याच्या अंगावरून पुढे काढला आणि त्याच्या तोंडासमोर उघडा धरला. 

गाडी चालूच होती. रेणू दारातून बघत होती. इंद्रभान समोर रस्त्याकडे बघत राहिला, एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग त्याने खिशात बोटं घातली आणि पेनड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला. बायनाबाईने मूठ मिटली.